मुलीला शिक्षणासाठी नागपूरला ठेवावे का? शहरातील वाढत्या गुन्हेगारीविषयी

पांदणवाट (आर्वी तालुका, वर्धा जिल्हा)

माझ्या धाकट्या मुलीला यंदा नागपुरात, अमरावती रोडवरील विद्यापीठ परिसरात, एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. घरात ही बातमी पेढ्यांनी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी भांडणावर येऊन ठेपली. आईचे वय एक्याऐंशी आहे आणि तिचे म्हणणे एकच आहे: "कायले धाडता पोट्टीले तिकडं? रोज टीव्हीवर मुडदे पडून रायले." थोरले बंधू तिच्या बाजूने आहेत. ते सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्रातील नागपूरचे पान मोठ्याने वाचतात, आणि त्या पानावर चाकूहल्ला, सोनसाखळी, घरफोडी यांपैकी काही ना काही असतेच. मुलगी गप्प आहे. पण तिने शुल्क भरण्याची शेवटची तारीख स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे.

मी नागपूरला जातो ते संत्र्याच्या गाडीबरोबर. माझे नागपूर म्हणजे पहाटेचा कळमना बाजार, अडत्याची पट्टी आणि परतीची घाई. त्या शहरात मुलगी दोन वर्षे राहणार म्हटल्यावर लक्षात आले की, जे शहर मी तीस वर्षे पाहत आलो ते मला माहीतच नाही. म्हणून या चर्चा-मंचावर विचारतो. शहरात गुन्हे वाढले आहेत, हे कशावरून समजायचे? आणि वाढले असतील, तर त्यामुळे तेथे राहणारे माणूस खरोखर किती असुरक्षित होते? "काळजी घ्या" एवढ्या सल्ल्याने आमच्या घरातील भांडण मिटणार नाही, त्यामुळे जरा विस्ताराने लिहावे ही विनंती.

तिफण

भाऊ, मी नऊ वर्षे नागपुरात काढली. हिंगणा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला होतो. रात्री साडेअकराला पाळी सुटली की सायकलने खोलीवर यायचो. एका रात्री दोन पोरे मोटारसायकलवर आली. मागच्याने खिशातील मोबाईल उपसला आणि दुसऱ्या हाताने मला ढकलले. खांद्याचे हाड सरकले. ठाण्यात गेलो, तर तेथील अंमलदाराने दीड तास बसवून मोबाईल "गहाळ" झाल्याचा दाखला हातात दिला. हिसकावला म्हणून सांगत होतो, खांदा दाखवत होतो, तरी कागदावर शब्द "गहाळ". पुढे दोन वर्षांत मी गावी परतलो. कारण तेवढेच नव्हते, पण त्याचा वाटा होता.

आपल्या आईंचे म्हणणे मी अडाणीपणाचे मानत नाही. शहरात माणसाच्या जिवाची किंमत कमी आहे. पुण्यात कोयते घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांना लोकांनी गँग म्हणून नावे दिली, इतके ते नेहमीचे झाले. मी असतो तर मुलीला वर्ध्यातच शिकवले असते.

निवृत्त अंमलदार

मी छत्तीस वर्षे पोलीस दलात काढली. बहुतेक ग्रामीण ठाण्यांत आणि शेवटची काही शहरात. तिफण यांना "गहाळ" म्हणून जो दाखला मिळाला, त्याची मला लाज वाटते, परंतु नवल वाटत नाही. त्या एका शब्दात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

गुन्ह्यांचा आकडा म्हणजे घडलेल्या गुन्ह्यांचा आकडा नव्हे. तो नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. तिफण यांच्या खांद्याचा आणि मोबाईलचा त्या वर्षीच्या तक्त्यात पत्ता नाही. उलट एखादा कडक अधिकारी येतो, प्रत्येक तक्रार नोंदवा म्हणतो, आणि वर्षाअखेरीस त्याच्याच हद्दीत गुन्हे वाढल्याची बातमी येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच्या वार्षिक अहवालात हेच बजावून सांगतो, की गुन्ह्यांची नोंद वाढणे आणि गुन्हे वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते वाक्य बातमीत येत नाही.

देशाचे आकडे पाहा. २०१९ मध्ये ५१,५६,१५८ दखलपात्र गुन्हे (म्हणजे ज्यांत पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) नोंदले गेले आणि २०२० मध्ये ६६,०१,२८५. एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून अधिक वाढ! प्रत्यक्षात त्या वर्षी लोक घरात कोंडलेले होते, चोऱ्या घटल्या होत्या. वाढले होते ते टाळेबंदी मोडल्याचे गुन्हे, म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम १८८ आणि त्याच्या जोडीचे. दुधाची कॅन घेऊन निघालेला माणूसही त्या आकड्यात आहे. आता अलीकडचे पाहा. २०२२ मध्ये ५८,२४,९४६ गुन्हे, २०२३ मध्ये ६२,४१,५६९, म्हणजे सुमारे सात टक्के वाढ. त्याच दोन वर्षांत खून मात्र २८,५२२ वरून २७,७२१ वर आले. खुनाचा आकडा मी मुद्दाम देतो, कारण मोबाईल गहाळ लिहिता येतो, प्रेत तसे लिहिता येत नाही. नोंद न करण्याचा मोह ज्या गुन्ह्यात सर्वांत कमी चालतो, तो हा.

आता शहराविषयी. या अहवालात वीस लाखांहून अधिक वस्तीच्या १९ शहरांचे वेगळे तक्ते असतात. आपल्या राज्यातील मुंबई, पुणे आणि नागपूर त्यांत आहेत. "दर लाख लोकसंख्येमागे इतके गुन्हे" असा दर काढून शहरांची क्रमवारी छापली जाते, आणि नागपूरचे नाव वर दिसले की चर्चा सुरू होते. पण शहरांचा हा दर काढताना लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरतात. त्या हिशेबात नागपूर अजून पंचवीस लाखांचेच आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, शेत पाच एकरांचे आठ एकर झाले, सातबाऱ्यावर मात्र पाचच राहिले आणि त्या पाचावर एकरी उतारा काढला. उतारा फुगणारच. शिवाय काटोल, उमरेड, वर्ध्याकडून रोज कामासाठी येणारे लोक त्या पंचवीस लाखांत नाहीत; सीताबर्डीच्या गर्दीत त्यांचे पाकीट मारले गेले, तर ते मात्र नागपूरच्या खात्यात जाते.

गावाकडची गंमत उलटी आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. मी ज्या ठाण्यात होतो, तेथे महिन्याच्या गुन्ह्यांत मोठा हिस्सा गावठी दारूच्या छाप्यांचा असे. शेजारच्या जिल्ह्यात जी बाटली दुकानातून पावतीसह मिळते, ती आमच्या हद्दीत सापडली की एक गुन्हा. तेव्हा दोन ठिकाणांचे एकूण आकडे समोरासमोर ठेवून कोणते सुरक्षित हे ठरवू नये. कोणत्या प्रकारचा गुन्हा, कोणावर, कोणत्या वेळी, हे पाहावे.

पांदणवाट

अंमलदार साहेब, एकरी उताऱ्याचे उदाहरण भावाला वाचून दाखवले. तो काही बोलला नाही, पण वर्तमानपत्र आज मनातल्या मनात वाचले.

आपण नोंदीविषयी लिहिलेत त्यावरून एक कबुली द्यावीशी वाटते. माझ्या विहिरीवरील मोटारीची केबल आजवर तीनदा चोरीला गेली. तांब्यासाठी नेतात, दुसऱ्या दिवशी नाल्याकाठी जाळलेले प्लास्टिक सापडते. पहिल्या वेळी तक्रार देण्यासाठी ठाण्यात तीन चकरा झाल्या, ऐन हंगामात तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि हाती काही लागले नाही. त्यानंतरच्या दोन वेळा मी कोणालाही न सांगता नवी केबल आणून जोडली. शेजारच्या धुऱ्यावरील दोघांचे असेच आहे. म्हणजे आमच्या शिवारात कागदावर एक चोरी आणि प्रत्यक्षात किमान सहा-सात.

सातबारा (तालुका न्यायालयात वकिली)

अंमलदार साहेबांनी एक गोष्ट सांगितली नाही, बहुधा खात्याच्या लाजेखातर. शहरातील गुन्हेगार कमी करण्याचा एक अधिकृत मार्ग म्हणजे त्याला आमच्याकडे पाठवणे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येते, त्यालाच आपण तडीपार म्हणतो. नागपूरमधून तडीपार झालेला माणूस हवेत विरत नाही. तो वर्ध्यात, भंडाऱ्यात, मावशीच्या गावी येऊन राहतो. आमच्या तालुक्याच्या चौकातील पानठेल्यावर असे दोन सद्गृहस्थ मी रोज पाहतो. त्यामुळे आपल्या आईंना सांगावे, की शहरातले गुंड पाहण्यासाठी शहरातच गेले पाहिजे असे नाही.

मोहफूल (सिंदेवाही तालुका, चंद्रपूर जिल्हा)

मी आशा स्वयंसेविका आहे. येथे सगळे शहराच्या भीतीविषयी लिहीत आहेत, म्हणून आमच्या बाजूचे थोडे लिहिते.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. वाकून काम करणारी बाई वाघाला माणूस दिसत नाही, असे जाणकार सांगतात. दरवर्षी एखादी तरी परत येत नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी बाकीच्या जातात, कारण त्या महिन्याभराच्या पैशांवर पावसाळ्याचे बियाणे असते. साप चावणे तर आम्ही बातमीही मानत नाही.

पण मला सांगायचे आहे ते दुसरेच. मागच्या पावसाळ्यात एका बाईला घेऊन मी दवाखान्यात गेले होते. डाव्या हाताचे हाड मनगटाच्या वर मोडले होते. कोणी डोक्यावर काठी उगारली आणि आपण हात आडवा धरला, की हाड मोडते ते त्याच जागी. नवरा दाराशी उभा होता, दारू उतरलेली होती, चेहरा पडलेला होता. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, विहिरीच्या पायरीवरून घसरले. कागदावर तेच आले. तिफणदादांच्या "गहाळ" या शब्दाशेजारी मला हा शब्द ठेवावासा वाटतो, "घसरले". गावात हे प्रकरण मिटवले असे सर्वांनी मानले. तंटामुक्तीसाठी १५ ऑगस्ट २००७ पासून मोहीम सुरू झाली, तेव्हा बांधाचे आणि वाटणीचे कितीतरी वाद गावातच सुटले आणि ते चांगलेच झाले. परंतु बाईच्या मोडलेल्या हाताला तंटा म्हणून त्याच पाटीखाली बसवायचे का, हे कोणी विचारले नाही.

गावात गुन्हे कमी आहेत असे म्हणताना ही बाई आपण कोणत्या रकान्यात धरतो?

तिफण

ताई, तुमच्या अनुभवाचा मान राखून एक मतभेद नोंदवतो. वाघ, साप आणि अपघात यांना गुन्ह्यांच्या तराजूत टाकले की धागा भरकटतो. भीतीचा स्वभाव वेगळा असतो. वाघ पाळत ठेवून एका विशिष्ट मुलीच्या मागे लागत नाही. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटे उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. गावी जाण्यासाठी बस शोधणारी मुलगी होती ती. आपल्या सर्वांच्या मुली अशाच पहाटे, अशाच स्थानकावर उभ्या असतात. हे ऐकल्यावर बापाला दर लाखाचा हिशेब समजावून काय उपयोग?

निवृत्त अंमलदार

तिफण यांचा मुद्दा मी टाळणार नाही. त्या घटनेने माझ्याही घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. परंतु त्यातील एक तपशील लक्षात असू द्यावा. संशयित सापडला तो शिरूर तालुक्यातील गावाच्या शिवारात, लपून बसलेला. गुन्हेगार नेहमी शहरात पिकतो आणि गाव त्याला बळी पडते, असे चित्र खरे नाही. रस्ते दोन्ही बाजूंनी वाहतात.

आणि पाळत ठेवणाऱ्याविषयी म्हणाल, तर तो अनोळखी शहरी माणूस असण्याचा संभव कमीच. देशात बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत शंभरातील पंचाण्णवांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो; नातेवाईक, शेजारी, कामावरचा किंवा लग्नाचे वचन दिलेला. खुनांचेही तसेच आहे. २०२२ मधील २८,५२२ खुनांपैकी ९,९६२ खुनांमागे कोणता ना कोणता वाद होता, आणि ३,७६१ खुनांमागे वैर. लुटीच्या किंवा लाभाच्या हेतूने झालेले १,८८४. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आले. हिंगणघाट हे तालुक्याचे गाव आहे, महानगर नव्हे, आणि पेटवणारा तिच्याच गावचा, तिच्या मागे लागलेला होता. वर्ध्यात शिकवले म्हणजे सुरक्षित, हे मी त्या फेब्रुवारीनंतर कोणाला सांगितलेले नाही.

अपघात धाग्याबाहेर ठेवा म्हणता, तर एकच आकडा सांगून थांबतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, खुनांच्या जवळजवळ सहापट, आणि त्यांतील सुमारे दोनतृतीयांश ग्रामीण भागातील रस्त्यांवर. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्सची बस पेटली आणि २५ जण गेले. पुण्याच्या कोयत्याची भीती घालणाऱ्या घरांनी पोरांना रात्रीच्या त्याच गाड्यांत बसवणे त्यानंतरही सोडलेले नाही.

निळी पहाट (भंडारा जिल्हा)

चर्चा वाचत होते. गाव सुरक्षित की शहर, हा प्रश्न विचारताना "कोणासाठी" हा शब्द मला कोठे दिसला नाही, म्हणून लिहिते.

मी ज्या जिल्ह्यातील आहे, त्याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील चौघांना गावानेच मारले. संध्याकाळ होती, दारे होती, दारांमागे माणसे होती, आणि कोणी बाहेर आले नाही. "गावात सगळे एकमेकांना ओळखतात" हे वाक्य आपण सुरक्षिततेचा पुरावा म्हणून वापरतो. आमच्या घरात तेच वाक्य खालच्या आवाजात बोलले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाची गुहा म्हणत जे कठोर शब्द वापरले, ते पुस्तकी नव्हते.

माझे आजोबा नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले. चाळीतील खोली दहा बाय दहाची, भांडणे रोजची, रविवारी रात्री दारू पिऊन कोणीतरी कोणाचे डोके फोडणार हे ठरलेले. तरी आजी म्हणायची, इथे नळावर नंबर लागतो, जात लागत नाही. तिच्या हिशेबी ते शहर सुरक्षित होते, आणि तो हिशेब चुकीचा होता असे कोणत्याही तक्त्यावरून मला पटवता येणार नाही.

शहराला मी डोक्यावर घेत नाही. त्याच नागपुरात कस्तुरबानगरची वस्ती आहे. तेथील एका गुंडाने वर्षानुवर्षे बायकांना छळले, तक्रारी कोणी ऐकल्या नाहीत, आणि १३ ऑगस्ट २००४ रोजी तो न्यायालयाच्या इमारतीतच जमावाच्या हातून मारला गेला. त्या जमावात वस्तीतील बाया होत्या. त्याच वर्षी, त्याच शहरात, धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातील लोक संध्याकाळी फिरायला जात होते. तेव्हा पांदणवाट भाऊ, मुलगी नागपूरला जाणार का यापेक्षा नागपूरच्या कोणत्या गल्लीत जाणार, हे आधी विचारा.

सातबारा

निळी पहाट यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. भीतीविषयी एक पुरवणी जोडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. टोळी कोठेही नव्हती. मोबाईलवर फिरणाऱ्या ध्वनिचित्रफिती होत्या. त्या दिवशी त्या गावातील सर्वांत मोठा गुन्हा गुन्ह्याच्या भीतीनेच घडवला. आपल्या बंधूंना वर्तमानपत्र वाचू द्यावे, निदान ते छापणाऱ्याला नाव-पत्ता तरी असतो. व्हॉट्सॲपवरचे मात्र तपासून घ्यावे.

मेसचा डबा (मूळ पुसद तालुका, सध्या नागपूर)

काका, नमस्कार. मी तीन वर्षांपासून नागपुरात राहून शिकते आहे, त्यामुळे थोडे हक्काने लिहिते. माझ्याही आजीने निघताना पदराच्या गाठीतील मिरच्या-मीठ माझ्यावरून ओवाळून टाकले होते.

तीन वर्षांत मला चाकू दिसलेला नाही. मला त्रास झाला तो या लोकांचा: पहिल्या खोलीचे मालक, ज्यांच्याकडे दुसरी किल्ली होती आणि जे मी वर्गात असताना "पंखा आवाज करतो का ते पाहायला" खोलीत येऊन जात, वर्गातील एक मुलगा, जो नाही म्हटल्यावर सहा आठवडे मेसच्या दारात उभा राहिला, आणि एक ओळखीचे गृहस्थ, जे "गावचीच पोरगी" म्हणून रात्री दहाला फोन करत. खोली मी बदलली. मुलाच्या वेळी मी पोलिसांच्या मदतीचा ११२ क्रमांक लावला. सात-आठ मिनिटांत गाडी आली, दोन महिला पोलीस होत्या, त्यांनी त्याचे नाव-गाव लिहून घेतले आणि तो पुन्हा दिसला नाही. आमच्या गावाहून पोलीस ठाणे चोवीस किलोमीटर आहे. तेथे हेच घडले असते तर आधी माझे कॉलेज बंद झाले असते, हे आपणही जाणता.

खोली पाहायला दिवसा येऊ नका. सगळे तेच करतात आणि फसतात. दुपारी शाळकरी मुले आणि भाजीच्या गाड्या असतात, गल्ली गोजिरी दिसते. ग्रंथालयातून मुलगी ज्या वेळी परतणार, त्या वेळी, म्हणजे साडेसात-आठला, परिसराच्या फाटकापासून खोलीपर्यंत पायी चालून पाहा. मोकळा प्लॉट कोठे आहे, उघडी दुकाने किती, कोणत्या वळणावर पोरे गाड्या लावून बसतात, हे त्या दहा मिनिटांत कळते. एक किराणा दुकान रात्री दहापर्यंत उघडे असेल तर ते चार कॅमेऱ्यांच्या तोडीचे आहे. आमच्या गल्लीतील दुकानदाराला कोण कोठे राहते हे पाठ आहे. खोलीला आतून कडी आहे का आणि कुलूप आपले लावू देतात का, हे भाड्याच्या आधी विचारा. आरसा, कपाट, वाय-फाय नंतर.

आणि मुलीला बजावण्यापेक्षा तिला एक शब्द द्या: काही झाले आणि तिने घरी सांगितले, तर शिक्षण थांबवणार नाही. आम्ही मुली घरी बऱ्याच गोष्टी सांगत नाही त्या याच एका भीतीने.

मोहफूल

शेवटचे वाक्य मी माझ्या बायांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

सातबारा

कायद्याचे थोडक्यात सांगतो, म्हणजे "गहाळ" प्रकरण पुन्हा घडणार नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणजे नागपुरात काही घडले आणि मुलगी गावी आली, तर आर्वीचे ठाणे "हद्द आमची नाही" असे म्हणू शकत नाही. अंमलदाराने नाकारले तर तक्रारीचा गोषवारा टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा आणि पोच जपून ठेवावी.

आणि जो गुन्हा खरोखर झपाट्याने वाढतो आहे, त्याला गाव-शहर कळत नाही. सायबर गुन्हे देशात २०२२ मध्ये ६५,८९३ होते, ते २०२३ मध्ये ८६,४२० झाले. पीकविम्याचे पैसे जमा करतो म्हणून ओटीपी मागणारा माणूस शेताच्या बांधावरच भेटतो. पैसे गेले की ताबडतोब, त्याच तासात, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते ती तेवढ्याच वेळात.

तिफण

मी माझे मत पूर्ण बदललेले नाही. पण मेसचा डबा या ताईंचे वाचून एक गोष्ट मान्य करतो. माझा मोबाईल गेला तो रस्ता अंधारा होता आणि मी रोज तोच धरत होतो, कारण दुसऱ्याने दोन किलोमीटर जास्त पडायचे. नऊ वर्षे मी शहरात नव्हतो, त्या एका रस्त्यावर होतो. शहराला दोष देताना हे आजवर माझ्या लक्षात आले नव्हते.

पांदणवाट

सर्वांचे आभार मानून काय झाले ते कळवतो.

मी, सौ. आणि मुलगी मागच्या बुधवारी मुद्दाम दुपारच्या एसटीने निघालो. गाडी अमरावती रोडने वाडीवरून येते. वाहकाला सांगून रविनगर चौकात उतरलो. दोन खोल्या पाहायच्या होत्या. पहिली नवी होती, फरशी चकचकीत, भाडे पाचशेने कमी. आठ वाजता चालत गेलो तेव्हा शेवटच्या वळणावर भिंतीआड एक रिकामा प्लॉट लागला आणि तेथे काचेचे तुकडे चपलेखाली वाजले. सौ. काही बोलली नाही, फक्त मुलीचा हात धरला. ती खोली सोडली. दुसरी जुनी आहे, खाली मालकीणबाई स्वतः राहतात, निवृत्त शिक्षिका आहेत. समोर इस्त्रीवाला आणि त्याच्या शेजारी किराणा. दाराला आतून कडी होती, पण सैल. मी मालकीणबाईंना विचारून हार्डवेअरच्या दुकानातून नवी कडी आणि आठ स्क्रू आणले आणि इस्त्रीवाल्याचा पेचकस घेऊन स्वतः बसवली. तिसरा स्क्रू आत जाईना तेव्हा मुलगी हसली, महिनाभरात पहिल्यांदा.

परतताना तिला तो शब्द दिला. सौ.समोर दिला, म्हणजे मला फिरवता येणार नाही.

आईला फोनवर सगळे सांगितले. तिने प्लॉटचे, कडीचे, मालकीणबाईंचे ऐकून घेतले आणि विचारले, "घरवाली जेवाले देते का?" मग म्हणाली, "धाडा मंग." बंधूंचा अद्याप होकार नाही, पण मुलीसाठी तूर आणि गहू काढून पोत्यावर तिचे नाव त्यांनीच लिहिले आहे.

आम्ही नागपुरात मुक्कामाला होतो त्या रात्री विहिरीवरील केबल चौथ्यांदा गेली. या वेळी मी नवी आणण्याआधी ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, अर्ज देऊन जा, पाहू. मी सातबारा यांनी सांगितलेले कलम कागदावर लिहून नेले होते. तो कागद टेबलावर ठेवून बाकावर बसलो. सव्वातीन तास लागले, मधे त्यांनी चहाही पाजला. खबरीची प्रत घडी करून खिशात घातली आणि घरी आलो. साठ फूट केबलची चोरी आहे, गुन्हा क्रमांक पडला आहे, आणि यंदा आमच्या ठाण्याच्या तक्त्यात एक चोरी वाढलेली दिसेल.